सहाशे चौदामधला वजनकाटा

सहाशे चौदाच्या न्हाणीघरात एक वजनकाटा असायचा,
काचेचा, पाहुण्यांना न्याहारीनंतर पस्तावायला.
तो मी उचलून पलंगाशी आणला.
नीवेस चपला काढून उभी राहिली. एकसष्ट.
मग वाकून तिनं गादीचा एक कोपरा उचलला. त्र्याहत्तर.
बारा, मी म्हटलं,
आणि हॉटेलच्याच कागदावर
हॉटेलच्याच बोटभर पेन्सिलीनं लिहिलं.

बारा किलोचं काय एवढं.
बटाट्याची पिशवी असते बारा किलोची.
पण खालची चादर खोचायला कोपरे चार,
वरची खोचायला पुन्हा चार,
पलंग दोन,
आणि खोल्या, कुणी आजारी नसेल तर, बावीस.
चार हजार दोनशे चोवीस.
मी दोनदा गुणून पाहिलं.

तिचा भाऊ विमानतळावरून पाहुणे आणणारी छोटी बस चालवतो.
तो म्हणाला, माझी बसही रिकामी तेवढी भरायची नाही.
म्हणजे रोज एक बस, नीवेस म्हणाली,
आणि हसली, आणि हसता हसता कमरेला हात लावला.

नीवेस म्हणजे बर्फ.
लान्सारोतेवर जन्म गेला, मी बर्फ कधी पाहिला नाही.
इथे माती काळी, डोंगर जळून गेलेले,
आणि पांढरं म्हणावं असं एकच:
आमच्या हातून जाणारं कापड.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरंच.
आम्ही अंथरूण रोज पाहतो,
चव्वेचाळीस वेळा.
पाय मात्र दुसऱ्याच कुणाचे.

डॉक्टर लिहितो: अंगदुखी, वयोमानाने.
मी एकेचाळीसची.
अॅप्रनवर नाव हॉटेलचं,
पगाराच्या चिठ्ठीवर भलत्याच कंपनीचं,
तिचं ऑफिस एका दंतवैद्याच्या वर आहे म्हणे;
गेलो तेव्हा बंद होतं.
खोलीमागे दोन युरो.
खोलीत उलटी असली तरी दोन.
चारशे नऊमधला माणूस टॉवेलवर दार उघडून
"ये, ये, आवर ना" म्हणाला,
तेव्हा मी गाडी दारात आडवी घातली
आणि साबणाच्या वड्या मोजत राहिले मोठ्यानं,
इदाइरा ऐकतेय का पलीकडच्या खोलीत, इदाइरा.
त्या खोलीचेही दोनच.

कंबर कसा, संपाच्या आदल्या रात्री कुणीतरी म्हणालं.
कसायला कंबर हवी ना, नीवेस म्हणाली,
आणि खरोखरच पट्टा आवळला,
औषधाच्या दुकानातला, रुंद, कातडी रंगाचा.

त्या सकाळी सहाराची धूळ आली होती.
सूर्य संत्र्याच्या सालीसारखा, समुद्र गायब.
फाटकाबाहेर आम्ही एक जुनी गादी टाकली
आणि शेजारी वजनकाटा, तसाच काचेचा;
अठरा युरो, म्हणजे नऊ खोल्या.
पाहुण्यांना म्हटलं, या, एक कोपरा उचलून बघा.
बरेच जण टोप्या खाली ओढून गेले.
उन्हानं लाल झालेला एक म्हातारा थांबला.
त्यानं उचलला. काट्याकडे पाहिलं.
पुन्हा उचलला.
तिसऱ्यांदा उचलला नाही,
बायकोला काहीतरी म्हणाला त्याच्या भाषेत
आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला, पिशवी हातात घेऊन.
मॅनेजर उबाल्दो वरच्या खिडकीत होता.
तो खाली आला नाही.

अकरा दिवस.
मग खोलीमागे तीस सेंट वाढले,
गळ्यात घालायला एक बटण मिळालं, लाल,
आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर
पायानं दाबलं की वर येणारे पलंग.
बाकीच्या मजल्यांचं पुढच्या हंगामात, म्हणाले.
कंपनी अजून दंतवैद्याच्या वरच आहे.
नीवेसच्या मणक्यात दोन स्क्रू आहेत.
ती फोनवर विचारते, कसं वाटतं गं, पायानं दाबताना?
मला सहावा मजला आहे, हे मी तिला सांगत नाही.

सहाशे चौदामधून काटा काढून टाकलाय.
फरशीवर त्याच्या चार रबरी पायांचे ठसे उरलेत, करडे.
सुपरवायझर म्हणते, डाग राहिलाय तिथे.
मी म्हणते, निघत नाही.